पोर्तुगीज सत्ता आणि मराठी ओवी

१५१० मध्ये अल्बुकर्कने गोवा जिंकले आणि १५५६ मध्ये तेथे मुद्रणयंत्र आले. इतिहासकार तोफांचा हिशेब मांडतात. ग्रंथालयाच्या सभासदांना त्या यंत्राचे अगत्य अधिक असावे.

१५८० मध्ये पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजाकडे गेला, तो १६४० पर्यंत. याच काळात, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ. लिपी मात्र रोमन, कारण देवनागरी खिळ्यांची सोय नव्हती. परक्या धर्मोपदेशकालाही लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी ओवीचाच आश्रय घ्यावा लागला, हे आम्हां तेलुगू-उर्दूच्या शेजारात राहणाऱ्या मराठी वाचकांना विशेष जाणवते.

पण स्पेनचे वैरी पोर्तुगालचेही वैरी झाले. डचांनी १६४१ मध्ये मलाक्का, १६५६ मध्ये कोलंबो, १६६३ मध्ये कोची घेतली. सत्ता आकसली, तशी ती संशयी झाली. १६८३ मध्ये संभाजीराजांनी गोव्यावर स्वारी केली आणि पुढच्याच वर्षी तीन वर्षांच्या आत लोकभाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचे फर्मान निघाले. हा केवळ योगायोग होता, असे मला वाटत नाही.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. १९६१ मध्ये गोवाही मुक्त झाले. ‘क्रिस्तपुराणा’च्या सतराव्या शतकातील छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. भाविकांनी हाताने उतरवून ठेवलेल्या प्रतींवरून १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला गेला, तोही रोमन लिपीत. देवनागरीत तो आला १९५६ मध्ये.