कॅसेट गेली, खेळ राहिला

अहमदनगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) एखाद्या जत्रेत किंवा आठवडे बाजारात फिरताना खेळण्यांच्या दुकानात तळहाताएवढी एक रंगीत डबी दिसते. तिच्यावर छोटा पडदा, डाव्या हाताला अधिक चिन्हासारखे बटण, उजवीकडे दोन-चार गोल बटणे आणि खोक्यावर ठळक अक्षरांत ‘४०० खेळ’. मुले ती हातात घेतात आणि मिशीवाला प्लंबर उड्या मारू लागतो. मागे उभे असलेले वडील एकदम वाकून पाहतात, कारण हा गडी त्यांच्याही ओळखीचा असतो. त्यांनी तो लहानपणी घरच्या टीव्हीवर पाहिलेला असतो, तेव्हा त्याच्यासाठी एक खोके, दोन वायरी आणि एक ‘कॅसेट’ लागत असे.

ते खोके गेले, कॅसेट गेली, बहुतेक घरांतून चित्रनळीचा टीव्हीही गेला. मग खेळ कसा उरला? या साध्या प्रश्नाच्या पोटात संगणकशास्त्राची एक मोठी कल्पना दडलेली आहे. तिचा इतिहास आपण पाहू या.

कॅसेटमध्ये काय होते?

१५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये निन्टेंडो कंपनीचे ‘फॅमिकॉम’ हे खेळयंत्र बाजारात आले. १९९०च्या दशकात आपल्याकडे ‘सामुराई’, ‘लिटल मास्टर’, ‘टर्मिनेटर’ अशा नावांनी जी यंत्रे मिळत, ती याच घराण्यातली होती. काही कॅसेटींवर ‘९९,९९,९९९ इन १’ असेही छापलेले असे. प्रत्यक्षात आतले खेळ हाताच्या बोटांवर मोजता येत. तेच खेळ नावे आणि क्रमांक बदलून पुन्हापुन्हा येत.

आपण ‘कॅसेट’ म्हणत होतो खरे, पण तिच्यात फीत नव्हती. आत होती एक हिरवी पट्टी आणि तिच्यावर बसवलेल्या स्मृतीच्या चकत्या, म्हणजे चिप्स. खेळ चालेना की कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारण्याचा उपाय सर्वत्र होता. गुण येई तो बहुधा फुंकरीने नव्हे, तर कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. धातूच्या पट्ट्यांचा संपर्क नीट होई इतकेच. तोंडातल्या दमटपणाने त्या पट्ट्या उलट गंजत.

१९८५ साली आलेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या खेळाची सारी सामग्री ४० किलोबाइटमध्ये मावली होती. आपण वाचता तो हा लेख युनिकोडमध्ये साठवला तर वीस-पंचवीस किलोबाइट जागा घेईल. म्हणजे दोन लेखांपेक्षाही कमी जागेत तो सगळा खेळ, त्याची चित्रे आणि त्याचे संगीत! ही काटकसर कशी साधली? एक उदाहरण पुरे. त्या खेळातले आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे यांचे चित्र एकच आहे, फक्त रंग वेगळा.

शाळेतला संगणक आणि खेळाचे खोके

शिक्षकांना एक गोष्ट विशेष वाटेल. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाचा संगणक साक्षरता प्रकल्प सुमारे अडीचशे शाळांत सुरू केला. त्यासाठी ‘बीबीसी मायक्रो’ हा ब्रिटिश संगणक निवडला होता. त्याची स्मृती ३२ किलोबाइट होती आणि त्याच्या पोटात ‘६५०२’ नावाचा प्रोसेसर होता. ही चिप १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. स्वस्त असल्यामुळे ती जगभर पसरली. फॅमिकॉमचा प्रोसेसरही याच ६५०२ वर बेतलेला होता. दशमान पद्धतीने बेरीज करण्याची सोय तेवढी त्यातून काढून टाकली होती.

म्हणजे शाळेत ज्याला हात लावण्यापूर्वी चपला बाहेर काढाव्या लागत, तो संगणक आणि घरी ज्याच्यावरून ओरडा बसे, ते खेळाचे खोके, ही एकाच वंशाची भावंडे होती. एकाला ज्ञान म्हटले गेले, दुसऱ्याला नाद.

एका यंत्राने दुसऱ्याचे सोंग घ्यावे

आता मूळ कल्पनेकडे वळू. १९३६ साली ॲलन ट्युरिंग या तरुण ब्रिटिश गणितज्ञाने एका शोधनिबंधात असे दाखवले, की दुसऱ्या कोणत्याही गणनयंत्राचे वर्णन त्याच्यासमोर ठेवल्यास त्या यंत्रासारखे वागू शकेल असे एक ‘सार्वत्रिक’ यंत्र कल्पिता येते. त्या वेळी आजच्या अर्थाचा संगणक जगात नव्हता.

ही कल्पना व्यवहारात उतरली ती गिऱ्हाइकांच्या तक्रारीच्या भीतीने. आयबीएम कंपनीचा ‘१४०१’ हा १९५९ सालचा संगणक हजारो कचेऱ्यांत बसला होता. ७ एप्रिल १९६४ रोजी कंपनीने ‘सिस्टिम/३६०’ ही अगदी वेगळ्या रचनेची मालिका जाहीर केली. जुन्या यंत्रासाठी वर्षानुवर्षे लिहिलेले पगारपत्रकांचे आणि हिशेबांचे प्रोग्रॅम फेकून द्यायला कोण तयार होणार? म्हणून अभियंत्यांनी नव्या यंत्रात जुन्या यंत्रासारखे वागण्याची सोय केली. तिला त्यांनी नाव दिले ‘एम्युलेटर’. आपण त्याला अनुकारक म्हणू.

खेळांच्या जगात ही कल्पना १९९०च्या दशकात रुजली. १९९७ सालच्या फेब्रुवारीत निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरने ‘मेम’ हा अनुकारक प्रसिद्ध केला. नाण्यावर चालणाऱ्या जुन्या खेळयंत्रांची रचना नोंदवून ठेवणे हा त्याचा हेतू आणि खेळ खेळता येणे हा त्याचा आनुषंगिक फायदा, अशी त्या प्रकल्पाची भूमिका राहिली आहे. त्याच वर्षी साध्या घरगुती संगणकावर फॅमिकॉमचे खेळ चालवणारा ‘नेस्टिकल’ आला. पुढे यंत्रे लहान होत गेली, तसे अनुकारक खिशात आले.

आजच्या डब्या दोन प्रकारच्या असतात. जत्रेतल्या ‘४०० खेळ’वाल्या डबीत सहसा जुन्या फॅमिकॉमची सगळी रचना एकाच चिपवर उतरवलेली असते. दुसऱ्या, थोड्या महाग डब्या हे पूर्ण संगणकच असतात. उदाहरणार्थ, ‘मियू मिनी’ या डबीचा प्रोसेसर सेकंदाला १२० कोटी ठोके देतो. फॅमिकॉमचा देई सुमारे १७ लाख ९० हजार. हा फरक साडेसहाशे पटींहून अधिक आहे. या वेगाच्या जोरावर ती डबी जुन्या प्रोसेसरची एकेक आज्ञा वाचते, तिचा अर्थ लावते आणि जुने यंत्र जे करील तेच करते.

हुबेहूब म्हणजे किती हुबेहूब?

वेग भरपूर असला की काम सोपे, असे वाटेल. तसे नाही. फॅमिकॉम सेकंदाला साठ चित्रे दाखवी, म्हणजे एका चित्रासाठी प्रोसेसरला सुमारे तीस हजार ठोके मिळत. त्याच वेळी चित्राची चिप आणि आवाजाचा भाग आपापली कामे करीत. जुन्या प्रोग्रॅमरांनी अमुक ठोक्याला पडद्यावर अमुक ओळ रेखली जात असेल, या हिशेबावर करामती बसवलेल्या असत. अनुकारकाला आज्ञांच्या अर्थाबरोबर ही वेळही पाळावी लागते.

‘सुपर निन्टेंडो’ हे १९९० सालचे यंत्र घ्या. त्यावरच्या ‘स्पीडी गोन्झालेस’ या खेळात एक कळ दाबून पुढे जायचे असते. पुष्कळ अनुकारकांवर नेमका तिथेच खेळ अडकून पडे. बाकी सारे ठीक चाले, म्हणून कित्येक वर्षे कोणाच्या लक्षातही आले नाही. या यंत्राचा अचूक अनुकारक लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरने २०११ साली मांडले, की साडेतीन मेगाहर्ट्झच्या त्या यंत्राची खरीखुरी नक्कल करायला तीन गिगाहर्ट्झचा संगणक लागतो.

काही गोष्टी तर अनुकारकाच्या हाताबाहेरच्या आहेत. बदके मारायची बंदूक आठवते? तिच्यातून काहीच सुटत नसे; उलट तीच प्रकाश टिपत असे. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होई आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे. बंदुकीतल्या प्रकाशसंवेदकाला तो चौकोन दिसला, की नेम लागला. ही सगळी युक्ती चित्रनळीतला इलेक्ट्रॉन झोत ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी येतो यावर बसवलेली होती. आजच्या सपाट पडद्यावर चित्र उमटायला किंचित उशीर होतो, त्याची चमकही वेगळी, म्हणून ती बंदूक तिथे आंधळी ठरते.

नगरचे रणगाडे आणि नेवाशाचा ग्रंथ

नगरला रणगाड्यांचे संग्रहालय आहे. १९९४ साली ते सुरू झाले. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या चिलखती गाडीपासून विजयंतापर्यंत पन्नासच्या आसपास वाहने तिथे उभी आहेत. आपण त्यांच्याभोवती फिरतो, पत्र्याला हात लावतो. पण ती चालत नाहीत. तिथे देह जपला आहे. अनुकारक नेमके उलटे करतो: देह जातो, वागणे जपले जाते. दोन्ही जतनांना आपापली जागा आहे.

याच जिल्ह्यातल्या नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. मूळ प्रत काळाच्या ओघात गेली. प्रतींवरून प्रती होत गेल्या आणि पाठांत भेसळ शिरली. जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथ महाराजांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. ग्रंथ टिकला तो नकला करणाऱ्यांमुळे, आणि शुद्ध राहिला तो नकला तपासणाऱ्यामुळे. कॅसेटमधला मजकूर उतरवून घेणाऱ्यांनाही हेच दोन टप्पे पार करावे लागतात. एका कॅसेटवरची प्रत सदोष असू शकते, म्हणून अनेक कॅसेटींवरून घेतलेल्या प्रती ताडून पाहतात. त्यासाठी साऱ्या आकड्यांवरून गणिताने एक ताळा काढतात. एक अंक जरी बदलला, तरी ताळा बहुधा जुळत नाही.

पण इथे एक खरा पेच आहे. ज्ञानेश्वरी कोणाच्याही मालकीची नव्हती, खेळ मात्र कंपन्यांच्या मालकीचे आहेत. अनुकारक बनवणे आणि खेळाची प्रत वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने २००० साली असा निर्णय दिला, की अनुकारक तयार करण्यासाठी मूळ यंत्राच्या प्रोग्रॅमची उकल करणे हा वाजवी वापर आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे जवळ असणाऱ्याला सुरक्षिततेसाठी दुसरी प्रत ठेवण्याची मुभा आहे. परक्याचा खेळ उतरवून चारशेंच्या गठ्ठ्याने विकणे त्यात बसत नाही. आणि तरीही, अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ सालच्या अभ्यासानुसार, तिथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात विकतच मिळत नाहीत. मालक विकत नाही आणि दुसऱ्याने जपू नये, अशा कोंडीत वस्तू नाहीशी होते.

हा प्रश्न खेळांपुरता नाही. शाळेच्या कपाटात जुन्या फ्लॉप्या असतील, तर त्यांवरच्या प्रश्नपत्रिका, निकालपत्रके, मुलांनी केलेले प्रोग्रॅम आज कोण वाचू शकेल? कागद दीडशे वर्षे टिकतो, हे आपण जुन्या दाखलेवह्यांवरून जाणतो. फ्लॉपी तीस वर्षांतच मुकी होते.

वर्गात करून पाहा

एका विद्यार्थ्याला ‘जुने यंत्र’ करा. त्याला तीनच आज्ञा कळतात: १ म्हणजे ‘पुढची संख्या घे’, २ म्हणजे ‘पुढची संख्या मिळव’, ३ म्हणजे ‘उत्तर दाखव’. फळ्यावर लिहा: १, ५, २, ७, ३. तो १२ सांगेल. आता दुसऱ्या विद्यार्थ्याला ‘नवे यंत्र’ करा. त्याला बेरीज येत नाही. संख्या घेणे, ‘एक वाढव’ आणि उत्तर दाखवणे एवढेच येते. तोच फळा त्याला वाचू द्या. ‘७ मिळव’ आले की त्याने सात वेळा एक वाढवायचा. उत्तर १२ च येईल, फक्त वेळ जास्त लागेल. वेगळ्या रचनेच्या यंत्राने पहिल्याचे काम हुबेहूब केले. अनुकारकाचे सार एवढेच आहे.

पुढच्या वेळी वर्गात एखाद्याच्या दप्तरात ती रंगीत डबी सापडली, तर तासापुरती ती जरूर काढून घ्यावी. पण परत देताना त्याला एक प्रश्न विचारावा: “हा खेळ तुझ्या जन्माच्या आधीचा. तो या डबीत आला कसा?” उत्तर शोधता शोधता तो ट्युरिंगपर्यंत पोहोचला, तर त्या तासाचे चीज झाले असे आम्ही समजू.