स्फटिकाची थरथर

इ. स. १८८० मध्यें झाक व पिएर क्यूरी या बंधूंनीं पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढें एक लहानसा निबंध ठेवला. गारगोटीच्या जातीचा क्वार्ट्झ, टूर्मलीन, फार काय, उंसाच्या साखरेचाहि स्फटिक ठराविक दिशेनें दाबला असतां त्याच्या पृष्ठावर विद्युत् प्रकट होते, हें त्यांनीं प्रयोगानें दाखविलें. याची उलट बाजू मात्र त्यांच्या ध्यानांत आली नव्हती. ती १८८१ मध्यें सुचविली लिपमन यांनीं, आणि तीहि स्फटिकास हात न लावतां! दाबानें विद्युत् निघते, तर विद्युत् दिल्यानें स्फटिकाचा आकार बदललाच पाहिजे, असें अनुमान त्यांनीं उष्णतेच्या शास्त्रावरून काढलें. क्यूरी बंधूंनीं तें लागलीच पडताळून पाहिलें.

दाबाच्या गुणावरून त्यांनीं एक सूक्ष्म मापनयंत्र बनविलें. १८९८ त रेडियमचा शोध लागला, तेव्हां मेरी क्यूरींच्या हातीं तेंच होतें. उलट गुण तसाच पडून राहिला. आकारांतील फरक डोळ्यांना दिसण्याजोगाहि नव्हता. त्याचा उपयोग तो काय?

पहिल्या महायुद्धांत जर्मन पाणबुड्या जहाजांमागून जहाजें बुडवूं लागल्या, तेव्हां पिएर यांचे शिष्य पॉल लांजव्हँ यांना गुरूच्या स्फटिकाची आठवण झाली. गुरु तर १९०६ मध्येंच पॅरिसच्या रस्त्यांत गाडीखालीं सांपडून वारले होते. झोंपाळ्याला त्याच्याच तालांत हलके धक्के दिले, तर तो उंच जातो. प्रत्येक स्थितिस्थापक पदार्थाला असा स्वतःचा ताल असतो. लांजव्हँ यांना सेकंदास सुमारें ४०,००० आंदोलनें हवीं होतीं. नुसत्या क्वार्ट्झनें तें साधावयाचें तर स्फटिक फारच जाड लागता. म्हणून १९१७ मध्यें त्यांनीं क्वार्ट्झच्या पातळ चकत्या पोलादाच्या दोन जाड तबकड्यांमध्यें बसविल्या. धक्का स्फटिकाचा, वजन पोलादाचें! चांचणीच्या वेळीं ध्वनीच्या वाटेंत आलेले मासे मरत. १९१८ मध्यें बुडालेल्या पाणबुडीवरून प्रतिध्वनिहि परत आला. परंतु युद्धांत त्याचा उपयोग होण्यापूर्वींच शस्त्रसंधि झाली.

जो धक्का झोंपाळा चढवितो, तोच उलट वेळीं दिला तर त्याला थांबवितो. हें दुसरें अंग फार उशिरां हातीं घेतलें गेलें. १९८५ मध्यें बेली व हबर्ड या अमेरिकन संशोधकांनीं एका टोंकाला जखडलेल्या धातूच्या पट्टीवर प्लॅस्टिकचा एक पातळ पापुद्रा चिकटविला; त्यालाहि क्वार्ट्झसारखाच दुहेरी गुण होता. विद्युद्दाब किती द्यावा याला मर्यादा होती. तेव्हां तो सदैव पुरता द्यावा, मात्र त्याची दिशा पट्टीच्या वेगाच्या उलट ठेवावी, असा नियम त्यांनीं गणितानें बसविला. पट्टी जिकडे धांवे तिकडून तिला अडवणूक होई, आणि एरवीं किती तरी वेळ थरथरणारी ती लवकरच निश्चल होई.