ऐरोली : खाडीकाठची कांदळवन पायवाट

ठाणे खाडीकाठी कांदळवनातून फेरफटका मारायचा तर ऐरोलीचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र गाठावे. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना चिखलातून पेन्सिलीएवढी मुळं वर आलेली दिसतात. ती तिवराची श्वसनमुळे. चिखलात हवा नसते, म्हणून झाड त्यातून श्वास घेतं. त्यावर पाय पडला, प्लास्टिक साचलं की झाड गुदमरतं. वाट सोडून खाली उतरू नका. ओहोटीला निवट्या, चिंबोऱ्या दिसतात. हिवाळ्यापासून मेपर्यंत रोहित पक्षी असतात. बोट भरतीच्या वेळेनुसार सुटते, आधी चौकशी करा. २०१५ पासून इथे रोहित अभयारण्य आहे. २०२२ मध्ये ते रामसर यादीत आलं. मासळीची पिल्लं याच मुळांत वाढतात. तिवर गेले तर कोळ्यांची जाळीही रिकामी राहतील.