फूल आणि दोन पाने

१,७२,१९१ आणि १,३८,१७०. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, या जनमत कौलाविषयी मराठीत जे लिहिले गेले त्यातले बरेचसे या दोन आकड्यांपाशी पोहोचते आणि तिथून थेट हळहळीला किंवा जल्लोषाला लागते. १६ जानेवारी १९६७ ला मतदाराच्या हाती जो कागद पडला, त्यावर नेमका हाच प्रश्न आणि याच रूपात कसा आला, याकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. ठराव, कायदा, त्या वेळची वर्तमानपत्रे आणि निकालाचे तक्ते शेजारी शेजारी ठेवले, तर तो प्रवास बऱ्यापैकी जुळवता येतो.

सुरुवात डिसेंबर १९६३ च्या विधानसभा निवडणुकीपासून करावी लागते. गोवा मुक्त होऊन दोनच वर्षे झाली होती. महाराष्ट्रात विलीनीकरण हे ब्रीद घेऊन उतरलेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) सत्तेवर आला, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, आणि डॉ. जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स पक्ष १२ जागा घेऊन विरोधात बसला. मगोचे म्हणणे सरळ होते: आम्ही विलीनीकरणासाठीच मते मागितली, लोकांनी ती दिली, विषय संपला. जानेवारी १९६५ मध्ये गोवा विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव केला, मार्चमध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने त्याला दुजोरा दिला, तर म्हैसूरने विरोध नोंदवला.

पण मगोला पडलेले प्रत्येक मत विलीनीकरणाचे होते का? कुळांनी भाटकारांविरुद्ध, म्हणजे जमीनदारांविरुद्ध, मत दिले असेल, बहुजनांनी आपला माणूस म्हणून बांदोडकरांना दिले असेल. पक्षाच्या चिन्हावर उमटलेल्या शिक्क्यातून ही कारणे वेगळी काढता येत नाहीत. सिक्वेरांच्या पक्षाचा मुद्दा हाच होता आणि तो तर्काला धरून होता: एवढा मोठा निर्णय विधानसभेतल्या साध्या बहुमतावर सोडू नका, लोकांना थेट विचारा. काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर यांनी दिल्लीत हीच गोष्ट लावून धरली.

अडचण अशी की भारतीय राज्यघटनेत सार्वमत नावाची चीजच नाही. राज्यांच्या सीमा बदलायच्या तर तिसऱ्या कलमाप्रमाणे अधिकार संसदेचा. म्हणून डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने खास गोवा, दमण आणि दीवपुरता कायदा केला. लोकांची इच्छा काय आहे ते जाणून घेणे, एवढेच त्याचे काम. निर्णय दिल्लीच्याच हाती राहिला. कौल झुगारण्याची हिंमत कोणत्या पंतप्रधानाने केली असती, हा भाग वेगळा.

कायद्याने पर्याय दोनच ठेवले. गोव्यापुरते बोलायचे तर महाराष्ट्रात विलीन व्हायचे, की केंद्रशासित राहायचे. दमण-दीवच्या मतदारांना महाराष्ट्राऐवजी गुजरात. स्वतंत्र घटक राज्य ही युनायटेड गोवन्सची खरी आकांक्षा, पण तिला कागदावर जागाच मिळाली नाही. विलीनीकरण नको असलेल्याला ‘आहे तसेच राहू दे’ म्हणण्यापलीकडे सोय नव्हती. लिहितावाचता न येणारे मतदार बहुसंख्य, म्हणून चिन्हे दिली: विलीनीकरणाला फूल, केंद्रशासित राहण्याला दोन पाने.

बाकी भांडण प्रश्नाच्या शब्दांपेक्षा त्याच्या आजूबाजूचे जास्त होते. बांदोडकर मुख्यमंत्रिपदावर असताना कौल निःपक्ष होणार नाही, ही विरोधकांची तक्रार मान्य झाली आणि डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. मुंबईत आणि इतरत्र पोटासाठी गेलेल्या गोवेकरांना टपालाने मत देऊ द्या, ही मागणी मात्र नाकारली गेली.

प्रचाराला जेमतेम महिना मिळाला. ‘झालाच पाहिजे’ विरुद्ध ‘आमचें गोंय आमकां जाय’. मराठी वाचकाने थांबून पाहावे असे एक प्रकरण इथे आहे. मराठी राज्यात जाऊ नका, हे गोव्यातल्या हिंदू घरांपर्यंत पोहोचवणारे दैनिक मराठीत निघत होते. चंद्रकांत केणींच्या ‘राष्ट्रमत’मध्ये उदय भेंब्रे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर लिहीत. विलीनीकरणाच्या विरोधकांना कोकणीचा कैवारही मराठीतून घ्यावा लागला, कारण या घरांत वाचायची सवय मराठीची होती. उलट बाजूला ‘गोमन्तक’ विलीनीकरणासाठी झटत होता. मोठमोठ्या तत्त्वांच्या जोडीला रोजच्या गोष्टीही आल्या: महाराष्ट्राची दारूबंदी आली तर माडाची सूर काढणाऱ्या रेंदेरांनी काय करायचे, सरकारी नोकऱ्यांत बाहेरची माणसे किती, पणजी एखाद्या जिल्ह्याचे ठाणे होऊन बसणार का.

पणजीला मिनेझिस ब्रागांझा संस्थेत मोजणी झाली. सुमारे ३ लाख ८८ हजार मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मतदान केले. त्यातली ७,२७२ मते बाद. दोन पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०; फरक ३४,०२१ चा. म्हणजे सतरा हजारांहून थोडे अधिक लोक दोन पानांवरून फुलाकडे वळते, तर नकाशा बदलला असता.

ख्रिस्ती लोकांनी विलीनीकरण हाणून पाडले, असे महाराष्ट्रात सर्रास म्हटले जाते. त्या काळी गोव्यात हिंदू साठ टक्क्यांच्या आसपास होते. झाडून सगळे ख्रिस्ती मतदार केंद्रावर गेले आणि एकजात दोन पानांवर शिक्का मारून आले, असे धरले तरी ती मते दीड लाखाच्या पुढे फारशी जात नाहीत. पडली १,७२,१९१. उरलेली हजारो मते कुठून आली, हे गुप्त मतदानाच्या कागदावरून नावानिशी सांगता येत नाही, पण त्यांत हिंदू मते बरीच असणार हे गणितच सांगते.

आणि याहून बोलका पुरावा दोन महिन्यांनी मिळाला. मार्च १९६७ मध्ये त्याच मतदारांपुढे विधानसभेची निवडणूक आली. मगो पक्षाने १६ जागा जिंकल्या, युनायटेड गोवन्सने १२. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. मगोचे ब्रीद नाकारणाऱ्यांतल्या काहींना मगोचेच राज्य हवे होते. १९६३ चे मतदान विलीनीकरणाचाच कौल आहे, हा मगोचा दावा या निकालाने मागे जाऊन खोडला. दोन्ही निवडणुकांत पक्षाला मते मिळाली ती बऱ्याच अंशी कुळांच्या, शाळांच्या आणि बांदोडकरांच्या नावावर, असे मला वाटते.

मतपत्रिकेवर नसलेला तिसरा पर्याय, स्वतंत्र घटक राज्याचा, गोव्याच्या वाट्याला ३० मे १९८७ ला आला, आणि तोही पुन्हा कौल न घेता, संसदेच्या कायद्याने.