उकड, चीक आणि कोळंबी

भाद्रपदांत आपल्या घरीं मोदकांसाठीं उकड काढतात आणि उन्हाळ्यांत कुरडयांकरितां गव्हाचा चीक शिजवितात. हीं दोन कामें आपण कधीं एकत्र आणिलीं नाहींत. दक्षिण चीनमध्यें मात्र एकाची जागा दुसऱ्यानें घेतली, आणि तीहि कोळंबीसाठीं. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

कँटन, म्हणजे आजचें ग्वांगझौ, येथील चहागृहांत सकाळीं चहाबरोबर वाफविलेले, एकेका घासाचे पदार्थ खाण्याची चाल जुनी आहे. त्यांतील 'हार गाव' हा कोळंबीचा पदार्थ १९२० च्या दशकांत शहराबाहेरच्या एका खेड्यांतील चहागृहांत जन्मास आला, असें सांगतात. खेडें पाण्याच्या कांठीं असल्यामुळें ताजी कोळंबी दाराशीं मिळे. प्रारंभीं पारी आपल्या मोदकाप्रमाणें तांदुळाच्या पिठाची असे. परंतु ती जाड होई व आंतील कोळंबी झांकून टाकी. पुढें तांदूळ जाऊन गव्हाचें सत्त्व आलें.

हें सत्त्व म्हणजे आपला चीकच. गव्हांतील चिवट अंश काढल्यावर जें शुभ्र पीठ उरतें, तें वाफेनें अर्धपारदर्शक होतें. चिवटपणा गेल्यामुळें तें थंड पाण्यांत मळलें जात नाहीं. माझा पहिला प्रयत्न ह्याच अज्ञानानें फसला. गोळ्याचा हातांतच भुगा झाला. कढत पाणी एकदम ओतून, झांकण ठेवून, मग उकडीप्रमाणें मळावें लागतें. लवचिकपणासाठीं, ज्याचा साबूदाणा होतो तें टॅपिओकाचें सत्त्व त्यांत थोडें घालतात. तेथील आचारी तेल लावलेल्या रुंद सुरीच्या पात्यानें पारी दाबून पातळ करतात. घरीं वाटीच्या बुडानें काम भागतें. सारणांत कोळंबी, थोडी चरबी व बांबूचे कोंब. पारी दुमडून कांठाला कळ्या पाडाव्या व मोदकपात्रांत ५-६ मिनिटें वाफवावें.

हा पालट केवळ शोभेसाठीं झाला, असें मला वाटत नाहीं. पारदर्शक पारीला शिळी कोळंबी लपवितां येत नाहीं. ज्याच्याजवळ ताजा माल असेल, त्यालाच ती परवडते. आपल्या किनाऱ्यावर तर सकाळची कोळंबी दुपारीं ताटांत असते. उकड आणि चीक जाणणारे हातहि घरांत आहेतच. मग हें पक्वान्न परकें कां मानावें?