लिनिअसचे राक्षसी फूल

पेरावे तसे उगवते, असे आपण सहज म्हणतो. पण एका रानफुलापुरता या म्हणीचा अर्थ लावायला विज्ञानाला अडीचशे वर्षे लागली.

१७४२ साली स्वीडनमधील एका विद्यार्थ्याला स्टॉकहोमनजीकच्या बेटावर एक विलक्षण रोप सापडले. पाने, खोड सारे लिनारिया या परिचित वनस्पतीचे. फूल मात्र निराळे. लिनारियाच्या फुलाला डावी-उजवी बाजू आणि शेपटीसारखी एकच नळी असते. या फुलाच्या पाकळ्या सर्व बाजूंनी सारख्या आणि नळ्या पाच! वनस्पतींचा थोर वर्गीकरणकार लिनिअस चक्रावला. १७४४ साली त्याने त्याला 'पेलोरिया' म्हटले. ग्रीकमध्ये पेलोर म्हणजे राक्षस. सजीवांच्या जाती अचल असतात, या त्याच्या श्रद्धेलाच येथे हादरा बसला.

कोडे उलगडले १९९९ साली, इंग्लंडमधील नॉर्विच येथे. कुबास, व्हिन्सेंट व कोएन यांना असे दिसले की, फुलाला आकार देणारे जनुक मोडलेले नव्हते. मिथिल नावाच्या रासायनिक खुणा त्यावर दाटल्यामुळे ते मुके झाले होते. हे मुकेपण बियांतून पुढच्या पिढीत उतरते. मात्र क्वचित एखाद्या फांदीवर त्या खुणा विरळ होतात आणि तिथे पूर्वीच्या वळणाची फुले येतात. जनुकांवरील अशा खुणांच्या अभ्यासाला आज एपिजेनेटिक्स म्हणतात.

फुलावरून माणसाचा निवाडा आपण करू नये, हे खरे. तथापि 'बीजच तसे' म्हणून कोणावर कायमचा शिक्का मारण्यापूर्वी हे फूल आठवावे. वारसा म्हणजे केवळ लिहिलेले नव्हे. त्यातले काय वाचले जाते, यानेही एक जीव दुसऱ्याहून वेगळा होतो.