संशोधनकक्षेची निश्चिती

संशोधनकक्षेची निश्चिती म्हणजे शोधप्रकल्पाच्या आरंभी नेमका कोणता प्रश्न, कोणाविषयी, कोठे व किती काळ अभ्यासायचा आणि काय वगळायचे, हे ठरविण्याची प्रक्रिया होय. यातील वगळण्याचा भाग आराखड्यात पुष्कळदा लिहिलाच जात नाही. निष्कर्षांवरील बरेचसे वाद मात्र त्यातूनच उद्भवतात.

'ग्रामीण स्त्रियांचे आरोग्य' हा विषय आहे, प्रश्न नव्हे. विषयातून प्रश्न काढण्यासाठी पूर्वीच्या संशोधनाचा आढावा, संबंधित लोकांशी चर्चा व लहान पथदर्शी पाहणी यांचा उपयोग होतो. ब्रिटिश शासनाच्या डिजिटल सेवा उभारण्याच्या पद्धतीत 'डिस्कव्हरी' हा पहिला टप्पा याचसाठी राखलेला आहे. उपाय घडविण्यापूर्वी वापरकर्त्यांची अडचण समजून घेणे त्यात अपेक्षित असते.

उदाहरण

कक्षेचा निष्कर्षावर होणारा परिणाम गडचिरोली जिल्ह्यातील एका अभ्यासात स्पष्ट दिसतो. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांनी ग्रामीण स्त्रियांमधील स्त्रीरोगांविषयी केलेला हा अभ्यास 1989 मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रुग्णालयात येणाऱ्या स्त्रियांची नोंद ठेवणे सोपे होते. परंतु त्यातून न येणाऱ्या स्त्रियांविषयी काहीच कळले नसते. म्हणून रुग्णालयाऐवजी गाव हा अभ्यासाचा घटक मानून, तक्रार असो वा नसो, दोन गावांतील सर्व स्त्रियांना अभ्यासाच्या कक्षेत घेण्यात आले.

तपासलेल्या 650 स्त्रियांपैकी 55 टक्के स्त्रियांनी स्त्रीरोगविषयक तक्रारी सांगितल्या, उरलेल्या 45 टक्के लक्षणरहित होत्या. तपासणीत मात्र 92 टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग अथवा लैंगिक आजार आढळले. यापूर्वी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम 8 टक्के होत्या. अभ्यास केवळ तक्रार करणाऱ्यांपुरता ठेवला असता, तर आजार असूनही तक्रार नसलेल्या स्त्रिया मोजणीतच आल्या नसत्या. कुटुंबनियोजन व बाळंतपण यांच्या पलीकडील स्त्री-आरोग्याचा विचार करताना या अभ्यासाचा दाखला पुढे वारंवार दिला गेला.

मर्यादा

प्रत्येक स्त्रीची शारीरिक तपासणी व प्रयोगशाळेतील चाचण्या करावयाच्या असल्याने गावांची संख्या वाढविणे अवघड होते. व्याप्तीपेक्षा खोली निवडण्याची ही किंमत होय. त्यामुळे 92 टक्के हे प्रमाण त्या दोन गावांचे आहे. ते संपूर्ण भारतातील ग्रामीण स्त्रियांना लागू करणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य ठरत नाही.